जास्तीचं पान

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून जमत नाही, आणि अक्षर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. वहीसुद्धा नातीची, शाळेतली उरलेली. पुढच्या पानांवर तिची गणितं आहेत. हे कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती पडलंच, तर चुका पोटात घालाव्या आणि बाईंबद्दल जे आहे तेवढं घ्यावं.

पलीकडच्या बाई गोष्ट सांगताना कधी माझ्या तोंडाकडे बघत नसत. माझ्या हातांकडे बघत. मी शेंगा सोलत असेन, मेथी निवडत असेन, कुणाच्या साडीला फॉल लावत असेन, त्यांची नजर बोटांवर. गोष्ट ऐकता ऐकता माझे हात थांबले की त्या कानामागची पेन्सिल काढायच्या आणि पुस्तकाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी खूण करायच्या. म्हणायच्या, "तोंड सभ्य असतं. कंटाळा आला तरी हसतं. हात सभ्य नसतात."

माझे हात थांबणं सोपं नव्हतं. नऊ वर्षांची असल्यापासून मी सिन्नरला बिड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या गोणपाटात टेंभुर्णीची पानं, आणि शेजारी माझी थोरली बहीण, आक्का. हात चालू ठेवून रडायचं कसं, भांडायचं कसं, डुलकी काढायची कशी, हे सगळं मला येतं. बाईंना हे सांगितल्यावर त्या एवढ्या खूश झाल्या की त्यांनी टाळी वाजवली. "मला अशीच पाहिजे होती," म्हणाल्या. "ज्या गोष्टीसाठी तुझे हात थांबतील, तिच्यासाठी ट्रेनसुद्धा थांबेल."

पापाटोएटोला, म्हणजे मुलाच्या या परदेशातल्या गावात, त्यांचं आणि आमचं घर एकाच ड्राइव्हवेवर. मध्ये कमरेएवढं कुंपण, आणि कुंपणावर त्यांचं फिजोआचं झाड ओणवलेलं. पेरूच्या चुलतभावासारखं हिरवं फळ असतं ते. एप्रिल-मेमध्ये धपाधप खाली पडतं. मी मुलाकडे इथे आले तेव्हा पहिले सहा महिने कुणाशी बोललेच नाही. मिलिंद आणि सूनबाई श्वेता कामावर, नात शाळेत, आणि मी खिडकीत. दुपारी ट्रेनचा आवाज यायचा, मग पुन्हा काही नाही. उजेड इतका स्वच्छ की स्वप्नात असल्यासारखं वाटायचं. कोणी हाक मारली तर जाग येईल, असं. पहिली हाक बाईंनी मारली. कुंपणावरून फिजोआनं भरलेली टोपली पुढे करून त्यांनी आधी माझं वय विचारलं. मी बोटांवर दाखवलं. त्या नऊ वर्षांनी मोठ्या निघाल्या. "मग तू धाकटी," एवढं ठरवून टाकलं आणि निघून गेल्या.

मी त्यांना बाई म्हणू लागले, कारण आमच्या शाळेत शिकवणाऱ्यांना बाई म्हणत आणि त्या मला तशाच वाटल्या. चीनमध्ये त्या खरोखरच शाळेत इंग्रजी शिकवत. मुलीच्या मागे इथे आल्या, मुलगी नंतर नोकरीसाठी अप्पर हट नावाच्या लांबच्या गावाला गेली, बाई इथेच राहिल्या. त्यांचं इंग्रजी पुस्तकातलं, हळू, एकेक शब्द ताटात वाढल्यासारखं. माझं नातीच्या कार्टूनमधून उचललेलं. दोन्ही मिळून आमचं चालायचं. इथे मी त्यांचं बोलणं माझ्या भाषेत लिहिते आहे.

"आई, तिला कळतं का तुझं इंग्लिश?" मिलिंदनं एकदा विचारलं.

"तिचं मला कळतं," मी म्हणाले. "माझं कळायला मी बोलते कुठे?"

नात मात्र हसायची. "आजी, यू साउंड लाइक हर नाउ. हीप्स लाइक हर." हीप्स म्हणजे इथल्या बोलीत पुष्कळ.

बाईंचं काम म्हणजे इंग्रजीतल्या गोष्टींची पुस्तकं चिनी भाषेत आणणं. विद्वानांची नव्हेत. स्टेशनवर, विमानतळावर मिळतात तसली, जाड, चकचकीत कव्हराची. मी एकदा विचारलं, एवढं शिकलेल्या आहात तर मोठी पुस्तकं का नाही करत? त्या म्हणाल्या, "मोठ्या पुस्तकांना माणसं मिळतात. मी तिच्यासाठी करते, जी दिवसभर काउंटरवर उभी असते आणि घरी जाताना बसायला जागा मिळाली तर दोन पानं वाचते. तिची दोन पानं फुकट जाता कामा नयेत."

मी आले तेव्हा त्या एकच मालिका करत होत्या. नोरा नावाची एक विधवा, इंग्लंडातल्या एका नदीवर होडी चालवते, माणसं या काठावरून त्या काठावर नेते. प्रत्येक पुस्तकात कुणीतरी हरवतं आणि नोरा त्याला शोधते. पण तिचा स्वतःचा भाऊ पहिल्या पुस्तकापासून हरवलेला आहे, तो काही सापडत नाही. तिकडे चीनमध्ये हजारो बाया त्या भावाची वाट बघत होत्या. त्यात मीही होते, फरक एवढाच की मी सगळ्यांच्या आधी ऐकत होते. कधी कधी मेथी निवडताना मनात यायचं, मी आता जे ऐकतेय ते वर्षभरानं कुठल्या तरी लांबच्या शहरात, आगगाडीत, ओळखदेख नसलेली एक बाई वाचेल. माझ्या मांडीवरच्या भाजीचा वास तिला येणार नाही. तरी कुठेतरी तो त्यात असेल असं वाटायचं.

बाईंचं एक वाक्य ठरलेलं होतं: "मी पोस्टमन. पोस्टमन पत्रात स्वतःची ओळ लिहीत नाही." पुस्तकात नसलेला शब्द घालायचा नाही, असलेला गाळायचा नाही. यासाठी त्या काय काय करत! एका पुस्तकात होतं की होडी वल्हवताना नोराला मागचा काठ लहान होताना दिसला. बाईंना शंका आली, पुढे जाणाऱ्या माणसाला मागचा काठ कसा दिसेल? दुसरं कुणी असतं तर फोनमध्ये बघितलं असतं. बाई मला घेऊन ट्रेननं आणि मग बसनं एका तळ्यावर गेल्या, जिथे होड्या भाड्यानं मिळतात. जांडल, म्हणजे रबरी चपला, घातलेला एक दांडगा माणूस तिथे बसला होता.

"किया ओरा, लेडीज! कुठे जायचं?"

"कुठेच नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही वल्हवा. मी तुमचं तोंड कुठे आहे ते बघणार."

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी पदर तोंडाला लावून हसू दाबलं. त्यानं तळ्याला दोन चकरा मारल्या आणि बाईंनी नुसतं बघितलं. वल्हवणाऱ्याची पाठ असते जायचं तिकडे, आणि तोंड असतं सोडून आलो तिकडे. परत येताना मी म्हणाले, "विमानात सगळे पुढे तोंड करून बसले होते. होडीनं आले असते तर बरं झालं असतं, सिन्नर लहान होताना तरी दिसलं असतं." बाईंनी वही उघडली. मग म्हणाल्या, "फार छान आहे. पण पुस्तकात नाही." आणि वही मिटून पिशवीत टाकली.

अशा त्या. म्हणून पुढचं सांगताना मला जड जातं.

पाचवं पुस्तक चालू होतं तेव्हाची गोष्ट. सकाळी सिन्नरहून भाच्याचा फोन आला. आक्का गेली. पहाटे कपडे धुतले, पिळून बादलीत ठेवले, आणि जरा बसते म्हणून ओट्यावर बसली ती उठलीच नाही. भाचा रडत रडत एकच सांगत होता, "मावशी, कपडे तसेच बादलीत आहेत. कुणी वाळत घालायचे ते कळेना." मिलिंद म्हणाला, आई, आपण पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल. खरंच होतं ते. तो घरी थांबत होता, मीच म्हटलं, जा. सगळे गेले. मग घरात मला बसवेना. मेथीची जुडी घेतली आणि पलीकडे गेले. बाईंना काही सांगितलं नाही. मला सांगता येतच नाही. आधी मराठीत येत नाही, मग इंग्रजीत कुठून येणार?

बाई गोष्ट सांगत होत्या. नोराला कुणाचा तरी माग लागला होता, ती घरी येते, कपडे वाळत घालते आणि आत जाते. पुस्तकात एवढंच होतं, दोन ओळी. तिथे माझे हात थांबले.

बाईंनी पेन्सिल काढली, पण खूण केली नाही. त्यांना नवल वाटलं असावं. त्या ओळींत काहीच नव्हतं. "काय दिसलं तुला?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला हवं होतं तेव्हाच. त्याऐवजी मी म्हणाले, "ते कपडे नोराचे नाहीत. ज्याचे आहेत तो आता घालणार नाही. पण धुतले आहेत. धुतले की वाळत घालावे लागतात. ती एकेक झटकते, बाह्या सरळ करते. कोरडे झाले की घडी घालेल. मग घडी कुठे ठेवायची तिला माहीत नाही."

इतकं मी आयुष्यात एका दमात कधी बोलले नव्हते. बाहेर झाडावरून एक फळ पडलं. मग बाईंनी खूण केली, नेहमीपेक्षा मोठी.

मी घरी आले आणि तो दिवस संपला. बाईंनी त्या दोन ओळींचं एक अख्खं पान केलं, हे मला पुस्तक निघाल्यावर कळलं. निघालं आणि महिन्याभरात त्यांच्या फोनवर तिकडून निरोप यायला लागले. एका बाईनं ते पान हातानं उतरवून सासूच्या फोटोमागे लावलं होतं. दवाखान्यात काम करणाऱ्या एकीनं लिहिलं, मी हे रोज कामाला जाताना वाचते. बाई मला एकेक वाचून दाखवायच्या. त्यांचे गाल मुलीसारखे लाल व्हायचे. "बघ, लिहिणारीनं लपवून ठेवलं होतं, तुझ्या हातांनी काढलं. ते आत होतंच." मी मान खाली घालून फॉल शिवत राहायची. आत ते नव्हतं. ती आक्का होती. पण त्यांचा चेहरा बघून माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटायचं. सिन्नरच्या गल्लीबाहेर जिला कुणी ओळखत नव्हतं, तिचे कपडे चीनमध्ये वाळत होते.

असं जवळजवळ वर्ष गेलं. सहावं पुस्तक शेवटचं. त्यात भाऊ सापडणार होता. तिकडच्या प्रकाशकानं बाईंना आगाऊ पैसे पाठवले होते. बाईंचे डोळे अधू झाले होते. सरकारी दवाखान्यात नंबर लागायला वेळ, म्हणून त्यांनी त्या पैशांतून बाहेर ऑपरेशन करून घेतलं. "भावाला नीट बघायला नको का?" म्हणाल्या. काळा चष्मा लावून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बारा वर्षं मी याच्यासाठी थांबलेय."

मग एके दिवशी मी गेले तर टेबलावर पुस्तक नव्हतं. बाई फोन पुढ्यात ठेवून बसल्या होत्या. इंग्रजी जाणणाऱ्या कुणा वाचकानं थेट मूळ लेखिकेलाच त्या पानाचं कौतुक कळवलं होतं. लेखिकेनं शोधलं, तर तिच्या पुस्तकात ते पानच नाही. आता तिच्या बाजूची माणसं प्रकाशकाला जाब विचारत होती. प्रकाशकाकडचा एक तरुण संपादक बाईंना मानायचा. त्यानं कळवलं होतं: छापखान्यात दुसऱ्या कुणाचा मजकूर चुकून मिसळला असं लिहा, आम्ही सांभाळून घेतो. तुम्हीच घातलं असं म्हणालात, तर शेवटचं पुस्तक दुसऱ्याकडे जाईल आणि आगाऊ रक्कम परत मागतील.

"चांगला मुलगा आहे," बाई म्हणाल्या. "पण मी खोटं लिहिणार नाही. मी लिहिणार आहे, की पान आत आहे. दोन ओळींच्या आत. माझी वाचणारी आहे, तिला दिसलं. मी फक्त पोचवलं. लेखिका शहाणी असेल तर तिला कळेल. ती स्वतः बाई आहे ना?" आणि माझ्याकडे बघून हसल्या. "तुझे हात माझे साक्षीदार."

मी घरी आले. त्या दिवशी वरणाला फोडणी द्यायची राहिली, श्वेता म्हणाली, "आई, तब्येत बरी नाही का? की नोराचं काही झालं?" मी म्हटलं, नोराचंच झालं. तिला वाटलं चेष्टा. सांगितलं तर बाईंच्या हातून शेवटचं पुस्तकही सुटेल. ज्या भावासाठी बारा वर्षं थांबल्या तो दुसऱ्याच कुणाच्या हातून सापडेल. नाही सांगितलं तर ज्या बाईनं जन्मात एक शब्द जास्तीचा घातला नाही, ती सगळ्यांपुढे नसलेलं आहे म्हणून भांडेल, आणि ते माझ्या जिवावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गेल्यावर मी गेले. हातात काही नेलं नाही. बाईंनी ते लगेच पाहिलं.

"आज भाजी नाही?"

"बाई, ते पुस्तकात नाही," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. त्या दिवशी सकाळी माझी बहीण गेली होती. तिनं कपडे धुवून बादलीत ठेवले होते. माझे हात तिच्यासाठी थांबले, नोरासाठी नाही."

एवढं बोलायला मला खूप वेळ लागला. शब्द सापडत नव्हते, बादलीला नातीचा शब्द वापरला, पिळण्याला शब्दच नव्हता म्हणून हवेत पिळून दाखवलं. बाई उठल्या, किटली लावली, पाण्याला आधण आल्यावर बंद केली, आणि चहा न करताच परत येऊन बसल्या. मला वाटलं आता म्हणतील, जा.

"बहीण गेली त्या दिवशी भाजी निवडत होतीस?"

"घरात एकटी होते. हात रिकामे नको होते."

"आणि मी तुला गोष्ट सांगत होते."

मी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"मी म्हणते मला हात वाचता येतात," बाई म्हणाल्या. "शेजारी बसलेल्या बाईची बहीण गेलेली मला वाचता आली नाही. मी विचारलं काय, तर पुस्तकात काय दिसलं." त्यांनी कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "पुस्तक जाऊ दे. पुस्तक दुसरं कुणीही करेल. हे कोण करणार होतं?"

मग त्यांनी आक्काचं नाव विचारलं. मी म्हटलं आक्का म्हणजे थोरली बहीण, नाव यशोदा. दोन्ही त्यांनी त्यांच्या लिपीत लिहून घेतलं, पुन्हा पुन्हा माझ्याकडून म्हणून घेतलं, यशोदाचा शेवट बरोबर येईपर्यंत. तिला मुलं किती, काय खायची, गायची का, सगळं विचारलं. दोन वर्षं उशिरा का होईना, माझ्याकडे कुणी समाचाराला आलं होतं. मी तेव्हा रडले. हात मांडीवर तसेच ठेवून.

त्यांनी त्याच दुपारी पत्र लिहिलं आणि मला सोप्या इंग्रजीत वाचून दाखवलं. त्यात होतं की हे पान मूळ पुस्तकात नाही, ते मी घातलं. छापखान्याचा काही दोष नाही. एका घरचं पत्र मी दुसऱ्याच्या पाकिटात टाकलं. पुढच्या आवृत्तीतून पान काढावं. शेवटचं पुस्तक आपण म्हणाल त्याला द्यावं. पैसे खर्च झाले आहेत, पण पूर्ण परत करीन, थोडा वेळ द्यावा.

"पान काढा असं का लिहिलं?" मी विचारलं. मला ते लागलं होतं. "बायांना आवडलंय ना?"

"ज्यांनी उतरवून घेतलंय त्यांच्याकडे राहील," बाई म्हणाल्या. "पण आक्का नोराची नाही. ती तुझी आहे. तिला तिच्या नावानं लिहायला पाहिजे. तू लिही."

"मी? मला लिहिता येत नाही."

"मला कुठे होडी चालवता येते?"

त्यानंतर पैसे हप्त्यांनी फेडायला त्यांनी जी मिळतील ती कामं घेतली. औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना, शाळेची पत्रकं, जवळच्या ओटाहुहू गावातल्या हॉटेलांची मेनूकार्डं. मेनूकार्डातसुद्धा पोस्टमनच. एका हॉटेलवाल्यानं सांगितलं, नुसतं 'फ्रेश फिश' लिहा. बाईंनी विचारलं, मासा आजचा आहे का? तो म्हणाला, कालचा. बाईंनी नुसतं 'मासा' लिहिलं. तो चिडला, पण पुढच्या वेळी परत त्यांच्याकडेच आला.

माझ्याकडे फॉल-पिकोचे आणि ब्लाउज उसवून सैल करून देण्याचे थोडे पैसे जमले होते. मी रुमालात बांधून घेऊन गेले. बाईंनी रुमालाला हातसुद्धा लावला नाही.

"हे कशाचे?"

"चूक माझी होती, बाई."

"बहीण गेली त्याचा दंड भरणार तू? घेऊन जा ते." मी पुन्हा एकदा गेले, तशीच परत आले. तिसऱ्यांदा त्यांनी दारच उघडलं नाही, आतूनच म्हणाल्या, "पैसे आणले असतील तर मी घरी नाही. भाजी आणली असेल तर आहे."

झाडाचे पैसे मात्र त्यांना चालले. फिजोआ पडायला लागले की आम्ही दोघी ते वेचायचो, मी त्याचा वेलदोडा घालून मुरंबा करायची, आणि फाटकाजवळ स्टूल मांडून फळं आणि बरण्या ठेवायचो, शेजारी पैशांचा डबा. ज्यानं त्यानं न्यावं आणि डब्यात टाकावं, अशी इकडे पद्धत आहे. कुणी बघत नसतं. चिठ्ठीवर बाईंनी इंग्रजीत आणि चिनीत लिहिलं, आणि खाली मराठीत मला लिहायला लावलं. 'घरचा मुरंबा' एवढंच, पण रस्त्यावर लागलेलं माझं ते पहिलं अक्षर. भारतीय दुकानातली एक मराठी मुलगी थांबून वाचून हसली. चूक झाली होती की काय, कोण जाणे. बरणी मात्र घेऊन गेली. असे दोन एप्रिल-मे फळं पडली आणि गेली. दुपारी आम्ही खिडकीत बसायचो, स्टुलापाशी कुणी थांबलं की बाई म्हणायच्या, "हा टाकेल." कधी कुणी न टाकता न्यायचं. तेव्हा म्हणायच्या, "त्याला मुरंबा जास्त हवा होता."

शेवटचं पुस्तक तिकडे निघालं. दुसऱ्या बाईनं केलेलं. अप्पर हटच्या मुलीनं ते मागवून पाठवलं. मला भीती होती, पण बाईंनी भिंग घेऊन चार दिवसांत शेजारी इंग्रजी ठेवून ओळीला ओळ लावून वाचलं.

"कसं आहे?"

"चांगलं केलंय. एक शब्द गाळला नाही पोरीनं." आणि पुस्तक मिटून, "तिला पत्र लिहिते. कुणीतरी सांगायला पाहिजे."

"भाऊ सापडला?"

"सापडला."

"मग?"

"मग काही नाही. ती त्याला या काठावर आणते. दोघं चहा पितात." आणि त्यांनी मला तो शेवटचा भाग सांगितला, पूर्ण, हळूहळू, पहिल्यासारखा. बाहेर धुकं उतरलं होतं, पलीकडचं आमचं घरही दिसत नव्हतं. मला वाटलं आम्ही दोघी नदीवरच आहोत आणि काठ कुठला ते अजून ठरायचं आहे. त्या दिवशी त्यांनी पेन्सिल हातात धरली नव्हती.

डोळे पुन्हा अधू व्हायला लागले. मुलगी म्हणाली, आता एकटीनं राहायचं नाही, अप्पर हटला चल. बाईंनी एकच अट घातली: शेवटचा हप्ता याच घरातून जाईल, मग मी येईन. मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, "आंटी, तुम्ही तरी सांगा. मी भरते म्हटलं तर ऐकत नाही." मी म्हटलं, "बाळा, मी तीनदा हरलेय."

आवराआवर झाली. पुस्तकं खोक्यांत गेली, भिंतीवर फ्रेमच्या चौकोनांचे फिके डाग राहिले. मी रोज पोळीभाजी नेऊन देत होते. निघायच्या आदल्या सकाळी आमच्या दारावर टकटक झाली. बाई. इतक्या वर्षांत त्या आमच्या घरात कधी आल्या नव्हत्या, नेहमी मीच जायची. काठी टेकत आत आल्या, माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या, आणि जिथे मी उभी राहते त्या खिडकीतून स्वतःच्या घराकडे बघत राहिल्या.

"इथून माझं घर लहान दिसतं," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "शेवटचा हप्ता आहे. अर्धा माझ्याकडे आहे. अर्धा तू आण."

मला नीट ऐकू आलं की नाही कळेना. "तुम्ही तर घेत नव्हता."

"दंड म्हणून देत होतीस, म्हणून घेत नव्हते. आता दंड नाही. मी पुष्कळ विचार केला. ते पान मी एकटीनं लिहिलं असं मी त्यांना सांगितलं, ते खरं नव्हतं. एवढीच एक गोष्ट मी पत्रात गाळली. पान दोघींचं होतं. तर फेडायचंही दोघींनी."

मी आतून रुमाल आणला. गाठ सुटेना, माझीच बोटं, पण सुटेना. शेवटी बाईंनी दातांनी सोडवली. पैसे टेबलावर ठेवले, त्यांनी त्यांचे त्यात मिसळले आणि हातानं सारखे केले, आता कुणाचे कुठले ते कळू नये असे. मुलगी गाडी घेऊन आलीच होती. तिघी बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, पाठवणाऱ्याचं नाव? बाईंनी त्यांचं सांगितलं, मग माझं. ती म्हणाली, एकच लिहिता येईल, पण खाली निरोपाला जागा आहे. बाईंनी निरोपात माझं नाव घालायला लावलं. एकेक अक्षर सांगून, हळू, न चुकता. आणि माझ्या नावानंतर आक्काचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघताना, गाडी ड्राइव्हवेवर उभी असतानाच फोन वाजला. त्या तरुण संपादकाचं उत्तर. बाईंनी फोन डोळ्यांजवळ धरून आधी स्वतः वाचलं, मग दारात उभ्या असलेल्या मला वाचून दाखवलं. रक्कम मिळाली. आता काही बाकी नाही. पैसे पूर्ण फिटले.